पुनर्मुद्रित स्वर आणि नामदेवांची मुद्रा

एखादी जुनी ध्वनिमुद्रिका काही दशकांनंतर पुन्हा प्रकाशित होते, तेव्हा तिच्याबरोबर एक तात्त्विक दावाही बाजारात येतो. गायक तोच, गाणी तीच, स्वरही तोच, असे ती सांगते आणि ऐकणारा सहसा त्यावर शंका घेत नाही. मधल्या काळात मात्र गायक निवर्तलेला असतो किंवा हयात असून अंतर्बाह्य बदललेला असतो, मूळ फीत झिजलेली असते, एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात उतरवताना ध्वनीवर अभियंत्याचे संस्कार झालेले असतात, आणि ऐकणाऱ्या समाजाची श्रद्धाही पूर्वीच्या जागी राहिलेली नसते. इतके सगळे पालटल्यावर 'तेच' हे म्हणणे कोणत्या अर्थाने खरे ठरते, आणि ज्या गाण्यात ईश्वराचे नाव घेतलेले आहे त्याच्या बाबतीत या प्रश्नाला निराळे वजन येते का, हा येथे विचाराचा विषय आहे.

हा विचार हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरच्या परिसरातून करण्याला कारण आहे. औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर हे नाव आज प्रामुख्याने पूर्णा नदीवरील धरणामुळे परिचित आहे. नदीच्या वरच्या अंगाला येलदरी आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वर अशी पूर्णा प्रकल्पाची ही जोडी मराठवाड्याच्या सिंचनाच्या इतिहासात महत्त्वाची ठरली. याच तालुक्यात औंढ्याचे नागनाथाचे देवालय आहे, आणि जिल्ह्यात कयाधूच्या काठी नरसी आहे, जे परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव मानले जाते. नामदेव हे वारकरी संप्रदायाचे आद्य कीर्तनकार समजले जातात; म्हणजे स्वतः रचणारा, स्वतः गाणारा आणि समुदायासमोर उभा राहून गाणारा असा कवी या मुलखाने सातशे वर्षांपूर्वी पाहिला. औंढ्याच्या देवळासमोर कीर्तन करण्यास मनाई झाल्यावर नामदेव मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा महाराष्ट्रात सांगितली जाते, तशीच शीख परंपरेतही मान्यता पावली आहे. नागनाथाचा नंदी देवळाच्या मागे असण्याचा संबंध लोक याच कथेशी जोडतात. कथेचा ऐतिहासिक खरेपणा कितीही असो, तिच्यातली एक धारणा प्रस्तुत विषयाच्या मुळाशी जाते: गाणे जेथे प्रत्यक्ष चालू आहे, तेथे देवाचे मुख असते.

१९७० हे वर्ष या संदर्भात लक्षणीय आहे. नामदेवांच्या जन्माला सातशे वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी 'श्री नामदेव गाथा' छापून प्रसिद्ध केली. त्याच सुमारास दीर्घमुद्रिका, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरणारी आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावणारी तबकडी, मराठी घरांत रुळू लागली होती. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे बसत, त्यामुळे अभंग आवळून गावा लागे; दीर्घमुद्रिकेने त्याला थोडी ऐस मिळवून दिली. पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्या अभंगवाणीने संतांचे शब्द देवळाच्या सभामंडपातून बैठकीच्या खोलीत आणले, आणि राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चाली इतक्या घरोघरी पोचल्या की अनेकांना तो अभंग आणि ती चाल एकाच वेळी जन्माला आली असावी असे वाटते. नामदेवांच्या ज्या अभंगात तीर्थ, क्षेत्र, देव आणि पूजा ही सारी विठ्ठलातच सामावतात, त्याची राम फाटकांनी बांधलेली आणि भीमसेनांनी गायिलेली चाल हे याचे ठळक उदाहरण. ही मुद्रणे पुढे कॅसेट, सीडी, मोबाइल आणि हजारो गाणी आत भरून विकल्या जाणाऱ्या पेट्यांमधून पुन्हा पुन्हा प्रकाशित होत आली आहेत.

पुन्हा प्रकाशित होताना ध्वनीचे नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय तात्त्विक चर्चा हवेत राहील. मूळ मुद्रण चुंबकीय फितीवर असते आणि ती फीत काळाने खराब होते. तिच्यावरून ध्वनी अंकीय रूपात उतरवला जातो, फितीची सूसू कमी केली जाते, खर्ज आणि टीप यांचे प्रमाण नव्याने जुळवले जाते, आणि बहुधा एकूण आवाज उंचावण्यासाठी हळू व मोठ्या स्वरांमधले अंतर कमी केले जाते. या अखेरच्या क्रियेने अभंगाचे मोठे नुकसान होते. पहिल्या चरणातला दबका स्वर आणि शेवटच्या आळवणीतला मोकळा स्वर यांच्यातला चढ सपाट झाला, की गायकाने बांधलेली भावाची चढण उरत नाही. सूसू काढताना हात जड पडला, तर टाळांच्या नादाचे वरचे कंप आणि तंबोऱ्याची झार यांनाही धक्का लागतो. तरीही शब्द तेच, चाल तीच, कंठही ओळखू येतो. मग जे गेले ते काय आणि जे राहिले ते काय?

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी मांडून ठेवला आहे. मीमांसकांच्या मते, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र उभारणाऱ्या जैमिनीच्या परंपरेच्या मते, शब्द नित्य आहे. उच्चार त्याला निर्माण करीत नाही, फक्त प्रकट करतो. त्यांचा मुख्य पुरावा प्रत्यभिज्ञा हा आहे, आणि प्रत्यभिज्ञा म्हणजे पूर्वी अनुभवलेली वस्तू पुन्हा समोर येताच 'हीच ती' अशी होणारी ओळख. काल ऐकलेला गकार आज ऐकला असता माणूस 'असाच दुसरा' असे म्हणत नाही, 'तोच' असे म्हणतो, आणि हा सार्वत्रिक अनुभव खोटा ठरवण्यास सबळ कारण नसेल तर तो खरा मानावा, असे कुमारिल भट्टांसारखे आचार्य सांगतात. नैयायिकांनी, म्हणजे गौतमाच्या न्यायसूत्रांना मानणाऱ्या तर्कशास्त्रज्ञांनी, हे नाकारले. शब्दाला आरंभ आहे, तो इंद्रियांना कळतो आणि नाहीसाही होतो, म्हणून तो अनित्य आहे. रात्रभर तेवणारी ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही एकच भासते, तशी शब्दाची ओळखही सादृश्यामुळे होते. शिवाय, उच्चारलेला शब्द लाटेमागून लाट उठावी तसा पुढे पुढे नवे शब्द उत्पन्न करीत कानापर्यंत येतो, त्यामुळे ऐकू येतो तो त्या मालिकेतला अखेरचा शब्द असतो, असे ते मानतात. या मताचा ध्वनिमुद्रणाशी लावलेला अन्वय फार मोलाचा आहे. मूळ मैफिलीत समोर बसलेल्या श्रोत्यालाही गायकाच्या कंठातला पहिला स्वर मिळालेला नसेल, तर फीत, तबकडी आणि मोबाइल ही त्याच मालिकेची लांबलेली टोके ठरतात, आणि पुनर्मुद्रित स्वराला 'नकली' म्हणण्याचा अधिकार कुणालाच राहत नाही.

तिसरे उत्तर वैयाकरण भर्तृहरीचे आहे आणि ते सर्वांत सूक्ष्म आहे. त्याच्या 'वाक्यपदीय' या ग्रंथात ध्वनीचे दोन प्रकार मानले आहेत. प्राकृत ध्वनी म्हणजे ज्याच्यामुळे शब्दाचे अखंड अर्थरूप, ज्याला तो स्फोट म्हणतो, प्रकट होते तो ध्वनी; वैकृत ध्वनी म्हणजे ते प्रकट झाल्यावर उच्चाराला मिळणारी द्रुत, मध्य वा विलंबित गती आणि तिच्यातले भेद. एकच वाक्य घाईने म्हटले काय आणि सावकाश म्हटले काय, बदलतो तो वैकृत ध्वनी, स्फोटाला त्याचा स्पर्श होत नाही. या दृष्टीने पाहता पुनःप्रकाशनात होणारे सारे तांत्रिक संस्कार वैकृत ध्वनीच्या प्रांतातले आहेत आणि अभंगाचा अर्थ अबाधित राहतो, असे म्हणता येईल. पण भक्तीच्या गाण्याला हे विधान जसेच्या तसे लावता येत नाही. वाक्याच्या बाबतीत लय उपरी असेल. अभंगात मात्र विलंबित लयीतून द्रुतात जाणे, एकच नाव वेगवेगळ्या वजनाने वीस वेळा घेणे, चरणाच्या अखेरीस थांबून टाळकऱ्यांना ते नाव सोपवणे, हाच अर्थाचा गाभा असतो. भर्तृहरीने ज्याला बाहेर ठेवले, त्याच्यातच कीर्तन नांदते. म्हणून वाईट रीतीने पुन्हा उजळलेले मुद्रण हे केवळ तांत्रिक दोषाचे प्रकरण राहत नाही, त्यात अर्थाचीही हानी होते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

आतापर्यंतची चर्चा ध्वनीच्या एकत्वाची झाली. कर्त्याच्या एकत्वाचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण पाश्चात्त्य पॉप संगीतात सापडते. लंडनमध्ये १९४८ साली जन्मलेला कॅट स्टीव्हन्स हा स्वतःची गीते स्वतः लिहून गाणारा गायक १९७० च्या 'टी फॉर द टिलरमन' आणि १९७१ च्या 'टीझर अँड द फायरकॅट' या मुद्रिकांमुळे जगभर पोचला. १९७७ च्या अखेरीस त्याने इस्लामचा स्वीकार केला, पुढे यूसुफ इस्लाम हे नाव धारण केले आणि पॉप संगीताचा व्यवसाय सोडून दिला. वाद्यसंगीत धर्माला संमत आहे की नाही यावर मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आणि कंठस्वर व डफ यांना अनेकांची मान्यता असल्याने १९९० च्या दशकात तो परतला तेव्हा त्याची निर्मिती मुख्यतः धार्मिक निवेदनाची आणि गीतांची होती. पॉप मुद्रिका त्याने थेट २००६ साली काढली. मधल्या सुमारे अठ्ठावीस वर्षांत त्याच्या जुन्या मुद्रिका विकल्या जात राहिल्या, नव्याने उजळून निघत राहिल्या, आणि ज्या माणसाने ते नाव टाकले होते त्याच नावाने त्या श्रोत्यांशी बोलत राहिल्या. ज्या 'मी'ने ती गीते गायिली तो आता नाही असे कर्ताच म्हणत असेल, तर पुनःप्रकाशित मुद्रिकेतला 'मी' कोणाचा? २०२० मध्ये त्याने 'टी फॉर द टिलरमन' हीच मुद्रिका पन्नास वर्षांनी पुन्हा गायिली, आणि तिच्यातल्या पिता-पुत्राच्या संवादगीतात पित्याचा भाग वृद्ध यूसुफने गायिला, तर पुत्राचा भाग १९७० सालच्या एका प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणातून, तरुण कॅट स्टीव्हन्सच्या आवाजात घेतला. एकाच देहाचे दोन कंठ एका गीतात समोरासमोर उभे राहिले. जुना आवाज पुसून टाकण्याऐवजी त्याला मुलाच्या नात्याने जवळ घेणे, हे या सबंध प्रकरणातले सर्वांत प्रगल्भ उत्तर म्हणावे लागेल.

पाश्चात्त्य गायकाला हे उत्तर गवसायला पन्नास वर्षे लागली, कारण तेथे गीतातला 'मी' एकाच व्यक्तीच्या मालकीचा समजला जातो. नामदेवांच्या परंपरेची धारणा मुळातच निराळी आहे. अभंगाच्या अखेरीस कवीचे नाव गुंफण्याची जी रीत आहे तिला नाममुद्रा म्हणतात. नामदेवांची 'नामा' ही मुद्रा सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या कवीच्या रचनांवरही आढळते, आणि गाथेतील कोणते अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातले व कोणते पुढचे, यावर अभ्यासकांनी खूप श्रम घेतले आहेत. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांची भाषा मराठी अभंगांपेक्षा वेगळी आहे, तरी मुद्रा तीच आहे. अमेरिकन अभ्यासक ख्रिश्चन ली नोव्हेट्झके यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात या गुंत्याकडे दोष म्हणून न पाहता कीर्तनकारांच्या बाडांकडे लक्ष वेधले. बाड म्हणजे कीर्तनकाराने स्वतःच्या उपयोगासाठी बाळगलेली हस्तलिखित वही, जिच्यात अनेक संतांचे अभंग प्रसंगानुसार उतरवलेले असतात. गाण्याला उभे राहण्यापूर्वी ती चाळायची आणि नंतर मिटून ठेवायची. नामदेवांचे कर्तृत्व अशा गाण्याच्या परंपरेत टिकले, आणि 'नामा म्हणे' असे म्हणणारा प्रत्येक कीर्तनकार काही क्षण त्या नावाखाली उभा राहिला. मुद्रा ही मालकीची खूण राहिली नाही. ती उत्तरदायित्वाची खूण झाली. त्या नावाने बोलायचे तर त्या नावाला शोभेल असे बोलले पाहिजे, एवढेच बंधन.

दीर्घमुद्रिका या बाडाच्या कुळातली आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. भीमसेनांचे मुद्रण म्हणजे एका अतिशय समर्थ गायकाने एके दिवशी घेतलेल्या नामाची वही. ती जपली पाहिजे, नीट उतरवून घेतली पाहिजे, पण तिला कीर्तन समजणे ही गल्लत आहे. हा भेद मराठवाड्यातल्या गावांना शिकवावा लागत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकवली जात नाही. पहाऱ्याला, म्हणजे नेमून दिलेल्या वेळी वीणा घेऊन नाम घेत उभे राहण्याला, आलेला माणूस आधीच्या विणेकऱ्याच्या पाया पडतो, तोही याच्या पाया पडतो, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना नाम आणि तार थांबू नये म्हणून दोघेही क्षणभर एकदम म्हणतात. मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला मंडपात ऐकणारे कुणी नसते. म्हणणाऱ्याचा आवाज बसलेला असतो, सूर लागेलच असे नाही. त्याच मंडपातल्या कर्ण्यावर पहाटे काकड्याच्या आधी अभंगवाणी लागते, आणि ती त्या बसलेल्या आवाजाहून कितीतरी पटीने सुरेल असते. तरीही रात्रभर ध्वनिमुद्रण लावून पहारा भरला, असे कोणी मानीत नाही. पहाऱ्याला सुरेल आवाज लागत नाही, जागा माणूस लागतो. याउलट, अनेक देवळांत आरतीच्या वेळी बटण दाबताच नगारा, झांजा आणि घंटा आपोआप वाजवणारे विजेचे यंत्र आता सर्रास बसवलेले दिसते, आणि तेथे मात्र हा भेद हळूहळू पुसला जात आहे. आरतीला चार माणसे जमली नाहीत तरी आवाज भरून निघतो, आणि माणसे न जमल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. भागवतात सांगितलेल्या नवविधा भक्तीत, म्हणजे भक्तीच्या नऊ प्रकारांत, श्रवण पहिले आहे आणि कीर्तन त्यानंतर येते. मग ज्या आजारी किंवा एकट्या माणसाला भीमसेनांच्या स्वरातच विठ्ठल भेटतो, त्याचे श्रवण उणे ठरते का? ते उणे ठरत नाही. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याला लिंगावर पाय ठेवून निजले होते आणि 'जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव' असे त्यांनी सांगितल्यावर नामदेवांना तशी जागा सापडेना, असे परंपरा सांगते. ज्या परंपरेने पायाखालची जागाही देवाविना मानली नाही, तिने तबकडीला बाहेर काढण्याचे कारण नाही. श्रवणासाठी मुद्रण पुरेसे आहे आणि अनेकदा कृपेसारखे आहे. त्याने कीर्तनाची जागा घेतली, म्हणजे ऐकणारे वाढले आणि म्हणणारे संपले, तरच ते परंपरेच्या आड येते. भीमसेनांची चाल ऐकून दुसऱ्या कुणी तोंड उघडले, चुकत-माकत ती धरली, तर ते मुद्रण बाडाचे काम करते. तीच एक चाल प्रमाण ठरून गावातली जुनी चाल लाजेने मुकी झाली, तर तेच मुद्रण अभंगाला एका दिवशी खिळवून ठेवते. मराठवाड्यात दुसरी गोष्टही थोडीफार घडली आहे, हे मान्य केले पाहिजे.

या भूमिकेतून पुनःप्रकाशनाची कर्तव्येही ठरतात. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रकाशित झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९७० साली निघालेले मुद्रण २०३० च्या अखेरीपर्यंत कंपनीचे राहील आणि पुढे सर्वांचे होईल, तर त्यातले नामदेवांचे शब्द कधीच कोणाच्या मालकीचे नव्हते. याच कायद्याने कर्त्याला आपले नाव लावले जाण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा विशेष हक्क दिला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने तसा हक्क गायक-वादकांनाही मिळाला. व्यवहारात मात्र पुन्हा निघालेल्या मुद्रणांच्या यादीत गायकाचे नाव येते, संगीतकाराचे कधी येते कधी गळते, आणि पखवाज, टाळ, संवादिनी वाजवणाऱ्यांची नावे तर बहुधा मुळीच येत नाहीत. ज्या परंपरेने कवीचे नाव अभंगाच्या आतच विणून ठेवले, कारण वही हरवली तरी नाव हरवू नये, त्या परंपरेच्या गाण्याबाबत हे विशेष खटकते.

कॅसेटच्या काळात नरसी, औंढा, सिद्धेश्वर यांच्यासारख्या गावांतल्या भजनी मंडळांची गाणी साध्या टेपरेकॉर्डरवर उतरवली गेली. अशा फिती कोणत्याही कंपनीच्या नव्हत्या, म्हणून त्या पुन्हा प्रकाशित करण्याचा विचारही सहसा होत नाही, आणि चुंबकीय फीत फार काळ वाट पाहत नाही. जी उरली असतील ती अंकीय रूपात आणताना सूसू काढण्याची घाई करू नये, कारण तिच्यासोबत मंडपातला खोकला, मध्येच वीणा घेणाऱ्याचे पाऊल आणि मागून लागलेला चुकार टाळही निघून जाईल. आणि प्रत्येक फितीसोबत चाल कुणी धरली, पखवाजावर कोण होते, वीणा कुणाच्या गळ्यात होती आणि सप्ताह कोणत्या गावचा होता, एवढे त्या मंडळींकडून विचारून लिहून ठेवले पाहिजे, जोवर ते सांगू शकणारी माणसे गावात आहेत.